कालयंत्र थांबतं मोठ्यांच्याच दारी



भागवताच्या नवव्या स्कंधात ककुद्मी राजाची गोष्ट आहे. या राजाला रेवती नावाची मुलगी होती. तिच्या तोडीचा नवरा कोण, हे ठरेना. म्हणून राजा तिला घेऊन थेट ब्रह्मलोकात गेला. तिथे गंधर्वांचं गाणं रंगात आलं होतं. मध्येच विषय काढणं बरं दिसलं नसतं, म्हणून बापलेक थोडा वेळ थांबले. गाणं संपल्यावर राजाने मनात धरलेली स्थळं सांगितली, तसे ब्रह्मदेव हसले. राजा गाणं ऐकत थांबला तेवढ्या अवधीत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटून गेली होती. त्याने हेरून ठेवलेले राजपुत्र गेले, त्यांचे नातू-पणतू गेले, त्यांचं नाव घेणारंही कोणी उरलं नव्हतं. ब्रह्मदेवांनी मग बलरामाचं नाव सुचवलं. राजा परत आला, तर राजधानी भाऊबंदांनी केव्हाच सोडलेली. विष्णुपुराणात पुढे एक गमतीचा तपशील येतो. रेवती पडली जुन्या युगातली, तेव्हा ती उंचीलाही तशीच. बलरामाने नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून बेताची केली आणि मग लग्न लावलं.

आजच्या भाषेत बोलायचं तर रेवती ही कालप्रवासी आणि बलराम हा तिला दुसऱ्या काळात भेटलेला थोर पुरुष. फक्त ती गेली पुढच्या काळात. मागे जाऊन एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीला गाठायचं, तिच्याशी चार शब्द बोलायचे, जमलं तर तिचं नशीब पालटायचं, ही हौस मात्र बरीच अलीकडची. मार्क ट्वेनने १८८९मध्ये एका अमेरिकन कारागिराला सहाव्या शतकातल्या राजा आर्थरच्या दरबारात नेऊन बसवलं. आर्थर हा अर्थात निम्माअधिक दंतकथेतलाच. सहा वर्षांनी, १८९५मध्ये एच. जी. वेल्सने कालयंत्र ही कल्पना रूढ केली. त्याचा प्रवासी इसवी सन ८,०२,७०१मध्ये जाऊन पोचतो. इतक्या लांब ओळखीचं कोण भेटणार? इतिहासातल्या माणसांच्या भेटीगाठींचा सिलसिला खऱ्या अर्थाने सुरू झाला तो दूरचित्रवाणीवर, आणि त्यात एका लखनौकराचा मोठा हात आहे.

२३ नोव्हेंबर १९६३ला, शनिवारी संध्याकाळी बीबीसीवर 'डॉक्टर हू' ही मालिका सुरू झाली. आदल्याच दिवशी अमेरिकेत अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. त्या गदारोळात पहिला भाग अनेकांच्या नजरेतून सुटला, म्हणून पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दाखवावा लागला. गोष्ट अशी: डॉक्टर नावाचा एक तऱ्हेवाईक म्हातारा. त्याचं यंत्र बाहेरून पाहिलं तर लंडनच्या रस्त्यावरची पोलिसांची निळी टेलिफोनपेटी, आत शिरलं तर ऐसपैस दिवाणखाना. त्याच्याबरोबर ओढले जातात शाळेतले दोन शिक्षक. एक विज्ञान शिकवणारा इयान, दुसरी इतिहास शिकवणारी बार्बरा. ही जोडी हेतुपूर्वक योजलेली होती. यंत्र भविष्यात गेलं की मुलांना विज्ञान कळावं आणि भूतकाळात गेलं की इतिहास, असा बीबीसीचा बेत होता.

पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते वारिस हुसेन. जन्म १९३८, लखनौ. तेव्हा वय अवघं चोवीस. त्यांच्या आई अतिया होसेन या इंग्रजीत लिहिणाऱ्या नामवंत लेखिका. त्याही बीबीसीच्या रेडिओवरून पूर्वेकडच्या श्रोत्यांसाठी कार्यक्रम करत. १९६४च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या सात भागांच्या 'मार्को पोलो' या कथेचे बहुतेक भाग वारिस यांनीच दिग्दर्शित केले.

त्या कथेतला एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. साल १२८९. डॉक्टरचं यंत्र पामीरच्या बर्फात बंद पडतं. तिथून काफिला घेऊन चाललेल्या मार्को पोलोला ही अजब पेटी दिसते आणि तो ती जप्त करतो. त्याला घर गाठायचं असतं, व्हेनिसला. पण कुब्लाई खान त्याला सोडत नाही. अशी उडती गाडी नजर केली तर खान खूश होईल आणि परतीची परवानगी देईल, हा त्याचा हिशेब. अखेर सगळे खानासमोर उभे राहतात. आता जग जिंकणाऱ्या चंगेजखानाचा हा नातू कसा असेल? पडद्यावर येतो तो संधिवाताने बेजार झालेला एक थकलेला म्हातारा! डॉक्टरचंही अंग प्रवासाने ठणकत असतं. दोन म्हातारे आपापली दुखणी सांगता सांगता मित्र होतात आणि फाशांचा डाव मांडून बसतात. बॅकगॅमन हा तो खेळ, आपल्या सारीपाटाच्याच कुळातला. डॉक्टर जिंकत जातो: ३५ हत्ती, ४००० पांढरे घोडे, २५ वाघ. मग तो हे सगळं पणाला लावतो आणि बदल्यात आपलं यंत्र मागतो. तो डाव हरतो. खान दिलदार, समाधान म्हणून तो डॉक्टरच्या हातावर कागदी चलन ठेवतो.

या प्रसंगात इतिहास किती बेमालूम मुरवला आहे ते बघा. कुब्लाई उतारवयात खरोखरच संधिवाताने आणि लठ्ठपणाने त्रस्त होता. तुतीच्या सालीपासून केलेल्या कागदी पैशांचं वर्णन मार्कोच्या ग्रंथात आहे आणि युरोपच्या वाचकांना त्याचं भारी नवल वाटलं होतं. त्याच ग्रंथात आपल्या ठाण्याच्या राज्यावरही मजकूर आहे. तिथून चामडं आणि कापड परदेशी जातं, आणि तिथल्या चाच्यांना राजाची फूस आहे; लुटीत घोडे मिळाले तर ते राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा, असा उभयपक्षी करार आहे, असं तो सांगतो.

मालिकेच्या या सात भागांपैकी एकाचीही चित्रफीत आज उपलब्ध नाही. त्या काळी फिती महाग, जागा कमी. जुनं पुसून त्यावर नवं चित्रित करायचं, हा रिवाज. आवाज मात्र उरला, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीपुढे ध्वनिमुद्रक ठेवून कार्यक्रम टिपून ठेवला होता.

पण या कथेत एक माणूस नाही: रुस्तिकेलो. मार्को व्हेनिसला परतला, पुढे युद्धात सापडला आणि जिनोआच्या कैदेत पडला. तिथे त्याच्याबरोबर पिसा शहरचा रुस्तिकेलो नावाचा लेखक होता. मार्को सांगत गेला आणि रुस्तिकेलोने लिहून काढलं. तो नसता तर मार्को पोलो हा व्हेनिसच्या शेकडो व्यापाऱ्यांतला एक राहिला असता, ठाण्याच्या चाच्यांची हकिगत आपल्याला कळली नसती आणि बीबीसीला कथाही सुचली नसती. कालयंत्र मात्र कुब्लाई खानाच्या महालापाशी थांबलं, जिनोआच्या तुरुंगापाशी थांबलं नाही.

आजच्या बोलण्याचा मुद्दा हाच आहे. अशा कथा आपल्याला थोरांच्या भेटीला नेतात आणि नेताना त्यांच्या अवतीभवतीची माणसं गाळतात. नाट्य हवं म्हणून त्या सगळा इतिहास एका माणसाच्या एका क्षणावर टांगतात. कथा म्हणून त्यात वावगं काही नाही. पण तो क्षण खरंच एवढं वजन पेलत होता का, हे ऐकणाऱ्याने तपासून घ्यावं.

आणखी एक उदाहरण घेऊ. २०१०मध्ये याच मालिकेत चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग आला. पटकथा रिचर्ड कर्टिस यांची. डॉक्टर आणि त्याची सोबतीण एमी १८९० साली फ्रान्समध्ये उतरतात. गावकरी ज्याला वेडा म्हणून हिणवतात, त्या व्हिन्सेंटशी त्यांची मैत्री जमते. शेवटी ते त्याला एकविसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये, म्युझे दॉर्से या संग्रहालयात घेऊन जातात. भिंतीभर त्याचीच चित्रं, समोर माणसांची गर्दी. डॉक्टर तिथल्या जाणकाराला विचारतो, कलेच्या इतिहासात या चित्रकाराची जागा कोणती? त्या भल्या माणसाला माहीत नाही, की चित्रकार मागेच उभा आहे. तो भरभरून बोलत राहतो आणि व्हिन्सेंटला रडू आवरत नाही. एवढा गौरव कानांनी ऐकल्यावर हा आता जगेल, खूप चित्रं काढेल, असं एमीला वाटतं. ती धावत संग्रहालयात परतते, पण भिंतीवर चित्रं तेवढीच. व्हिन्सेंट २९ जुलै १८९०लाच गेलेला असतो, वयाच्या सदतिसाव्या वर्षी.

कथाकाराने इथे मोह आवरला, याचं कौतुक करायला हवं. मनाचा आजार कौतुकाच्या एका दुपारीने बरा होत नाही, हे त्याने मुलांच्या मालिकेत न घाबरता सांगितलं. पण त्या भिंतीवर चित्रं आली कुठून? व्हिन्सेंटमागून सहाच महिन्यांनी त्याचा धाकटा भाऊ थिओ वारला. चित्रांचा ढीग आणि पत्रांचा गठ्ठा राहिला थिओच्या विधवेकडे. तिचं नाव योहाना. वय तिशीच्या आत, कडेवर तान्हं मूल. ही कवडीमोलाची चित्रं काढून टाकावीत, असं सुचवणारेही होते. तिने ती जपली, प्रदर्शनं भरवली, विकायची तेव्हा विचारपूर्वक विकली. १९१४मध्ये तिने व्हिन्सेंटची थिओला लिहिलेली पत्रं छापली आणि जगाला चित्रांमागचा माणूस कळला. एका बाईने वर्षानुवर्षं चिकाटीने केलेलं हे काम कथेत येत नाही. ते दाखवायचं तर पुन:पुन्हा तिच्या घरी जावं लागेल, तिची टिपणं आणि हिशेबाच्या वह्या बघाव्या लागतील. तेवढा धीर कालयंत्राला नसतो.

आता या प्रकारातली माझ्या मते सर्वांत धाडसी कथा. ऑक्टोबर २०१८मध्ये प्रसारित झाली, नाव 'रोझा'. या कथेत डॉक्टरच्या भूमिकेत स्त्री होती. बरोबर तिघे: रायन हा काळा तरुण, यास्मिन ही पाकिस्तानी वंशाची मुलगी आणि ग्रॅहम हा गोरा, निवृत्त बसचालक. ठिकाण अमेरिकेतलं मॉन्टगोमेरी शहर, तारीख १ डिसेंबर १९५५. त्या संध्याकाळी रोझा पार्क्स या बेचाळीस वर्षांच्या काळ्या बाईंनी बसमधली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. कथेत भविष्यातून आलेला एक वर्णद्वेष्टा हा प्रसंग घडूच नये म्हणून खटपट करतो. चालकाची पाळी बदल, बस बिघडव, उतारूच येणार नाहीत असं बघ. डॉक्टर आणि मंडळी त्याचा एकेक डाव उधळत राहतात.

शेवटी सगळे बसमध्ये बसलेले आहेत. रोझा आल्या आहेत, चालक तोच आहे. पण गोऱ्यांच्या जागा भरल्याशिवाय चालक रोझांना उठवणार नाही. पुढच्या थांब्याला उतरू म्हणून ग्रॅहम उठायला लागतो आणि डॉक्टरच्या लक्षात येतं, की आपण उतरलो तर बस रिकामी राहील. म्हणजे ज्या अन्यायाविरुद्ध ही बाई उभी राहणार, तो अन्याय घडण्यासाठी आपल्याला गोऱ्यांच्या जागा अडवून बसावं लागेल. ग्रॅहमची दिवंगत बायको काळी होती. मला यात भागी व्हायचं नाही, असं तो कळवळून म्हणतो आणि तरीही बसून राहतो. चालक ओरडतो. रोझा नाही म्हणतात. पोलीस येतात. भविष्यातून आलेले चौघे मान खाली घालून गप्प.

मोठ्या माणसाला भेटायला जाऊन काहीही न करणं इतकं अवघड असू शकतं, हे या प्रसंगाइतकं नेमकं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. तरीसुद्धा कथेचा पाया तपासला तर तो डळमळतो. ती एक बस चुकली असती तर खरंच काही घडलं नसतं? रोझा पार्क्स या दमून बसलेल्या साध्या शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या, अशी एक समजूत आहे. शिवणकाम त्या करत, हे खरं. पण काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या त्या १९४३पासून चिटणीस होत्या. १९५५च्याच उन्हाळ्यात त्या टेनेसी राज्यातल्या हायलँडर या कार्यकर्त्यांच्या शाळेत शिबिराला जाऊन आल्या होत्या. आणि त्यांच्या आधी नऊ महिने, २ मार्च १९५५ला त्याच शहरात क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीने बसमधली जागा सोडायला नकार दिला होता. तिलाही पोलिसांनी उचलून नेलं होतं.

बसवर बहिष्कार घालायचा विचार शहरातल्या स्त्रियांच्या एका मंडळाने आधीपासून चालवला होता. रोझांना अटक झाली त्याच रात्री त्या मंडळाच्या जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रकं काढली आणि सकाळपासून ती वाटली. बहिष्कार ३८१ दिवस चालला. इतके दिवस लोकांनी कामावर जाण्यासाठी पायपीट केली किंवा एकमेकांच्या मोटारींतून सोय लावून घेतली. कालप्रवासी एका संध्याकाळपुरते आले होते. त्या ३८१ दिवसांत त्यांची गरज कोणाला पडली नाही.

आपल्याकडे काय आहे? १९९१मध्ये सिंगीतम श्रीनिवास राव यांचा 'आदित्य ३६९' हा तेलुगू चित्रपट आला. त्यातलं कालयंत्र १५२६च्या विजयनगरात उतरतं, आणि नायक बालकृष्ण हाच राजा कृष्णदेवरायाच्या भूमिकेतही आहे. तेनाली रामकृष्णही भेटतो. मराठी माणसाला कृष्णदेवराय म्हटला की संत भानुदास आठवतात. विजयनगरला नेलेला विठोबा त्यांनी पंढरीला परत आणला, असं वारकरी परंपरा सांगते. एखाद्या मराठी कालप्रवाशाला विजयनगरच्या वाटेवर त्यांची गाठ घेता येईल.

मराठीत या विषयाला सर्वांत शहाणपणाने हात घातला तो जयंत नारळीकरांनी, 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत. गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक. पानिपतचा निकाल उलटा लागला असता तर, हा प्रश्न डोक्यात घोळत असताना त्यांना अपघात होतो आणि ते निराळ्याच भारतात जागे होतात. तिथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत. मुंबईच्या ग्रंथालयात ते स्वत:च लिहिलेल्या इतिहासाचे खंड चाळत जातात. पानिपतपर्यंत सगळं ओळखीचं, पुढे सगळं वेगळं. फरक एवढाच, की या भारतात पेशवेपुत्र विश्वासरावांना गोळी लागली नाही. कानाजवळून निघून गेली. पंत परत येतात तेव्हा खिशात बखरीचं एक फाटकं पान उरलेलं असतं.

नारळीकरांनी पंतांना रणांगणावर नेलं नाही. विश्वासरावांशी त्यांची भेट घडवली नाही. भेट घडवली ती त्या गोळीच्या परिणामांशी. आझाद मैदानावरच्या एका सभेत पंत अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसतात आणि भाषण ठोकू लागतात, तर लोक टोमॅटो फेकून त्यांना हाकलतात. त्या भारताला अध्यक्षीय भाषणांचा कधीच वीट आलेला! थोरामोठ्यांऐवजी समाजाला भेटायला गेलेला हा प्रवासी मला जास्त आवडतो.

पण गोळीचा हिशेब इथेही तपासावाच लागतो. १४ जानेवारी १७६१ला विश्वासराव पडले आणि सेनापती भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, तेव्हा फौजेचा धीर सुटला, हे खरं. पण त्याआधी सुमारे अडीच महिने छावणी अडकून पडली होती. रसद तुटलेली, बाजारबुणग्यांचा आणि यात्रेकरूंचा गराडा, जनावरं मेलेली, आणि माणसं उपासमारीला कंटाळून निकराने बाहेर पडलेली. विश्वासराव वाचले असते, तरी ही भूक भागली नसती. आणि उलट बाजूने पाहा: ज्या पराभवाने सगळं संपलं असं आपण म्हणतो, त्यानंतर दहा वर्षांनी, १७७१मध्ये, महादजी शिंद्यांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली. तेव्हा इतिहास त्या गोळीपाशी थांबलाही नव्हता.

विज्ञानाचं म्हणणं थोडक्यात सांगतो. पुढच्या काळात जाणं शक्य आहे, अगदी मोजता येण्याइतकं. १९७१मध्ये हाफेले आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनी अणुघड्याळं प्रवासी विमानांतून जगाभोवती फिरवली आणि जमिनीवरच्या घड्याळांशी ताडून पाहिली. काही अब्जांश सेकंदांचा फरक पडला, तोही आइन्स्टाइनच्या गणिताप्रमाणे. तुमच्या मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांची घड्याळंही दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात आणि ती दुरुस्त करून घ्यावी लागतात. म्हणून पुराणकारांना सापेक्षता ठाऊक होती, असं म्हणायचं कारण नाही; रेवतीची गोष्ट गोष्ट म्हणूनच मोठी आहे. मागे जाणं मात्र कोणी करून दाखवलेलं नाही. २८ जून २००९ला स्टीफन हॉकिंग यांनी केंब्रिजमध्ये कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली. फुगे, शॅम्पेन, स्वागताचा फलक, सगळं जय्यत. निमंत्रणं त्यांनी मेजवानी उरकल्यानंतर जाहीर केली. ज्याला मागे जाता येतं, त्यालाच येता यावं म्हणून. कोणीही आलं नाही.

म्हणजे आपल्याला इतिहासातल्या माणसांना भेटायचं तर कथा आणि कागदपत्रं हेच मार्ग. कथा जरूर पाहा, वाचा, मुलांनाही दाखवा. फक्त एक सवय त्यांना लावा. प्रसिद्ध माणसाची भेट झाली की विचारायचं: याची पत्रं कोणी जपली? पत्रकं कोणी छापली? छावणीत उपाशी कोण होतं? याच्या आधी हेच कोणी केलं होतं? उत्तरं शोधायला कालयंत्र लागत नाही, गावच्या ग्रंथालयापर्यंत गेलं तरी पुरतं.

एक वस्तुस्थिती सांगून थांबतो. मॉन्टगोमेरीच्या बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला तो ज्या खटल्यात, त्यात रोझा पार्क्स वादी नव्हत्या. १९५६च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला, तो चार काळ्या स्त्रियांच्या बाजूने. आणि त्या चौघींत एक होती क्लॉडेट कोल्विन.